माजी तहसील हिवरदंड

हिवरदंडला बसमधून उतरलं की ऑटोवाला विचारतो,
"कचेरीत जाचं हाये का?"
कचेरी उठून शंभरावर वर्षं झाली.
तिथे आता गुरांचा दवाखाना,
आणि मागच्या खोलीत, रेतनाच्या टाक्यांना खेटून,
परगण्याचं दप्तर.

मला पाठवलंय ते स्कॅन करायला.
दिवसाला चारशे पानं, असा जिल्ह्याचा तोंडी हुकूम.
पहिला रुमाल हात लावताच सुटला.
गाठ सैल होती.
बांधणारा कारकून दुसऱ्या दिवशी परत येणार होता.

सगळ्यात खाली मोडी. परगणे हिवरदंड, मौजे चौऱ्यांशी.
त्यावर काजळीने उठवलेला फारसी शिक्का.
मग साहेबाचा बंदोबस्त, कापडावरचे नकाशे,
प्रत्येक धुऱ्याला साखळीचं माप,
एका नकाशावर मोजणीदाराचा चिखलाचा अंगठा.
राज्य बदललं की शाई बदलते,
कधी निळी, कधी विटकरी.
"सरकार देणे" हा रकाना मात्र कोणीच गाळला नाही.

आणि मग अर्ध्या पानाचा हुकूम.
तालुका मोडला.
एकोणचाळीस गावं उत्तरेच्या तहसिलीला, एकतीस नदीपलीकडे,
तेरा डोंगराच्या अंगाला.
मी बेरीज केली. बोटांवर पुन्हा केली.
त्र्याऐंशी.

खैरदोडा कोणाच्याच यादीत नाही.

कापायच्या राहून गेलेल्या नखासारखं एक गाव.

पुढचे सगळे कागद भिवरा ढोकेचे.
नवरा मेला, चार एकरांना वारस लावायचा होता.
उत्तरेचा तहसीलदार लिहितो, सदर मौजे आमचेकडे नाही.
नदीपलीकडचा लिहितो, आमचेकडेही नाही.
डोंगरवाल्याने अर्ज ठेवून घेतला,
पोच दिली नाही.

दोन सालं सारा नाही, पट्टी नाही.
मला वाटलं, गावाने मजा केली असेल.
कागद तसं म्हणत नाहीत.
पटेलाने पेवात पैसे पुरले
आणि रात्री उठून मोजले,
एक दिवस तिघंही एकदम मागायला येतील म्हणून.
भिवराच्या दिराने धुरा सरकवला,
दर वखरणीला वीतभर,
कारण ती फिर्याद लावणार कुठे?

तिसऱ्या साली बाई खजिन्यावर आली.
पदरात नाणी.
कारकुनाने जबानी जशीच्या तशी उतरवली आहे,
का, ते माहीत नाही. कंटाळला असेल, किंवा आवडली असेल:
"हा सारा घ्या. घ्यासाठीच बसले ना तुम्ही?
पण पावती द्या.
अन् पावतीवर माह्यं नाव ल्या, माह्या गावाचं ल्या."
खाली त्याचा शेरा. बाई ऐकत नाही.

सारा कोणत्या सदरात धरायचा?
खैरदोडा तर कुठेच नव्हतं.
धरला मग "किरकोळ जमा"मध्ये.
एवढ्या एका पावतीच्या जोरावर
गाव उत्तरेच्या तहसिलीत आलं.
हुकूम नंतर आला, सात महिन्यांनी,
पावतीचा नंबर देऊन.

पुढे राजधान्या हलल्या, राज्याचं नावही पालटलं.
नव्या पाट्यांना नवा रंग लागला.
खैरदोड्याला त्याचं फारसं कळलं नसावं.
पावती ज्या हातात होती, तो हात मोठा झाला.

माझ्या स्क्रीनवर एक चौकट येते. तालुका निवडा.
हिवरदंड यादीत नाही.
निवडल्याशिवाय पान पुढे जात नाही.
मी बराच वेळ बसून राहते,
बाहेर एक गाय ओरडते,
मग "इतर" दाबते.

दवाखान्यातला शेषराव कोडापे खैरदोड्याचाच.
दुपारी डबा उघडता उघडता मी त्याला विचारलं,
भिवरा ढोकेचा तो धुरा, ठाऊक आहे?
"ढोकेईचा ना?" तो म्हणाला,
ठेचा माझ्याकडे सरकवत.
"तो वाद चालूच हाये, म्याडम.
मंगळवारी पेशी हाये."